खाडीतल्या लहान माशांसाठी हलका रॉड आणि रील : काय घ्यावं?

मयेकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या गोव्यात गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जायचं म्हणजे हातगरी. लाकडी फळीला गुंडाळलेलं तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी (गळ) आणि सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा. एवढ्यावर रात्रीच्या जेवणापुरते मासे मिळतात, त्यामुळे हातगरीबद्दल तक्रार काहीच नाही. पण यंदा रॉड आणि रील घ्यायचं ठरवलंय. बांधावरून हातानं फेकलेलं शिसं जिथे पडतं, त्याच्या पलीकडे मासे पाण्यावर उसळताना दिसतात. शिवाय मे महिन्यात भाचा येतो, बारा वर्षांचा आहे, त्याच्याही हाताला पेललं पाहिजे.

मासे म्हणाल तर काळुंदर, पालू, मुडदुशी, जेटीच्या दगडांतले लहान गोबरे, जमलंच तर शेवटो. म्हणजे आख्खे तव्यात मावतील असेच. परदेशी लोक अशा माशांना 'पॅनफिश' म्हणतात आणि त्यांच्यासाठी साडेपाच फुटी अल्ट्रालाइट रॉड, 500 किंवा 1000 नंबरचं रील आणि 2 ते 4 पाउंडाची (एवढ्या ताणाला तुटणारी) लाइन सांगतात. व्हिडिओत हे सगळं फार सुरेख दिसतं. आपल्या खाडीला ते चालेल का, हा मुख्य प्रश्न.

जागा : मयेहून पूल ओलांडून चोडण, नार्व्याच्या फेरीबोटीनं दिवाडी, सुट्टीला शिवोलीची शापोरा नदी, कधी केरीचा किनारा. जातो स्कूटरनं नाहीतर बसनं. सगळं मिळून सहा हजारांच्या आत बसवायचंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ओहायोतला_फोंडकर

मूळचा फोंड्याचा, आता ओहायोत. तुम्ही वाचलेला सल्ला जिथला आहे तिथे मी राहतो, म्हणून आधी तो सल्ला कशासाठी दिला जातो ते सांगतो.

इथले पॅनफिश म्हणजे ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च. सगळे गोड्या पाण्यातले. ब्लूगिल बराचसा आपल्या काळुंदरासारखा दिसतो, चपटा, उभट अंगाचा, तोंड एवढंसं. तळहाताएवढा मिळाला तरी लोक खूश असतात. आजवरचा विक्रमी ब्लूगिल 1950 साली अलाबामातल्या केटोना तलावात मिळाला, तो 4 पाउंड 12 औंसांचा, म्हणजे सव्वादोन किलोच्या आत. यावरून अंदाज घ्या. क्रॅपीचं तोंड इतकं नाजूक की त्याला 'पेपरमाउथ' म्हणतात, जोरात झटका दिला की ओठ फाटून मासा सुटतो. म्हणून मऊ रॉड, बारीक लाइन. पाणी बहुतेक वेळा साचलेलं, ओढ नाही, क्षार नाही.

अशा ठिकाणी 2 ते 6 पाउंडाची लाइन आणि 1 ते 7 ग्रॅमचं आमिष फेकणारा अल्ट्रालाइट रॉड अगदी योग्य. मीही तोच वापरतो. पण फोंड्याला आलो की तो बॅगेत घालत नाही.

रॉडच्या दांड्यावर काय छापलेलं असतं ते वाचायला आधी शिका, कारण विकणारा बहुधा फक्त लांबी सांगतो. दोन गोष्टी असतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो : अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो : फास्ट असेल तर फक्त टोकाकडे, मॉडरेट असेल तर मध्यापर्यंत. या दोघांची गल्लत करणारे खूप. लाइट पॉवर आणि फास्ट ॲक्शन एकाच रॉडमध्ये असू शकतं. त्याखाली लाइन किती पाउंडाची आणि आमिष किती वजनाचं ते असतं. आमिष औंसात दिलं असेल तर 1/16 म्हणजे पावणेदोन ग्रॅम, 1/8 म्हणजे साडेतीन, 1/4 म्हणजे सात. हा आमिषाच्या वजनाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या मते रॉड घेताना तो पहिला बघावा, बाकी सगळं नंतर.

भरती_सुकती

फोंडकरांनी शेवटी जे लिहिलंय तिथूनच सुरुवात करतो. आम्ही बेटावरचे, खाडी दारात. इतकी वर्षं लोकांना रॉड निवडून देताना एकच गोष्ट सांगत आलोय : रॉडपासून सुरुवात करू नका, माशाच्या तोंडापासून करा. तोंड केवढं त्यावर गरी ठरते. गरीवर आणि पाण्याच्या ओढीवर शिसं ठरतं. शिशावर रॉड ठरतो, रॉडवर रील. लोक उलटं करतात. आधी रील आवडतं, मग त्याला शोभेल असा रॉड, आणि खाडीवर गेल्यावर कळतं की तो दहा ग्रॅमच्या खालचं काही फेकतच नाही.

आता तुमचे मासे एकेक घेऊ.

काळुंदराचं तोंड बारीक. तो आमिष गिळत नाही, कुरतडतो. 10 किंवा 12 नंबरची गरी, कणकेची किंवा पावाची वाटाण्याएवढी गोळी नाहीतर गांडुळाचा तुकडा, वर हलका बोया. शिसं जवळजवळ नाहीच, एक स्प्लिट शॉट (लाइनवर दाबून बसवायचा शिशाचा बारीक मणी) पुरे. आणि तो असतो कुठे? बांधाच्या कडेला, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) दगडांपाशी, पोंयीच्या (बांधाआतल्या डबक्याच्या) काठाला, तुमच्या पायांपासून दहा-बारा फुटांवर. मग रील कशासाठी? काळुंदराला बिनरीलचा पोल घ्या. बारा ते चौदा फुटांचा, एकात एक बसणारा, टोकाला बांधलेली लाइन रॉडच्या लांबीपेक्षा फूटभर कमी. बोया जरा तिरका झाला की मनगट उचलायचं. फेकाफेकी नाही, गुंता नाही. भाच्याला पहिल्या दिवसापासून जमेल. आणि काळुंदर पोलवर जेवढा छान खेळतो तेवढा रीलवर खेळत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पालू, गोबरे यांना मात्र रील हवं. तोंड मोठं, दात बरे, 6 किंवा 8 नंबरची गरी. ते दगडांत आणि पुलाच्या खांबांपाशी असतात. तिथे कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. 4 पाउंडाची लाइन तिथे एका घासण्यात जाते.

अल्ट्रालाइटला माझा विरोध आहे तो आणखी एका कारणासाठी. तुम्ही पालूसाठी सुंगट लावून बसलात तरी खारफुटीच्या मुळांत तामसो हा ताकदवान मासा असतो, आणि त्यानं तुमचं आमिष का घेऊ नये? तो आमिष तोंडात धरून तिथे थांबत नाही, वळून थेट मुळांत शिरतो. पहिल्या दोन सेकंदांत थांबवला नाही तर संपलं. बारीक लाइन तुटते आणि मासा गरी घेऊन जातो. दरवेळी असं होत असेल तर त्याला खेळ म्हणता येणार नाही. तामश्याच्या जागी गरवायचं असेल तर वेगळा, दणकट रॉड आणि 20-30 पाउंडाचा लीडर (गरीआधी जोडायचा लाइनचा मजबूत तुकडा). हलक्या रॉडनं मुळांपासून लांब, उघड्या पाण्यात गरवा.

तर माझं मत : रॉड 6 फूट 6 इंच ते 7 फूट, लाइट पॉवर, आमिष 2 ते 10 ग्रॅम किंवा 3 ते 12 असं छापलेला. रील 2000 किंवा 2500. लाइन 0.8 नंबरची ब्रेड (बारीक धागे विणून केलेली लाइन), पुढे हातभर 10 पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर.

मालवणी_तंगूस

भरती_सुकती, बाकी सगळं पटलं, ब्रेड पटली नाही.

0.8 ची ब्रेड म्हणजे पावणेदोन मिलिमीटरचा दहावा भागही नाही, जेमतेम 0.15 मिमी जाडी. वाऱ्यात ती सैल पडली, स्पूलवर ढिली गुंडाळली गेली की पुढच्या फेकीला एकदम दहा-बारा वेटोळी बाहेर येतात आणि जो गुंता होतो तो नखांनी सुटत नाही. बारा वर्षांच्या पोराच्या हातात ही देऊ नये. शिवाय ब्रेड ताणत नाही. नवशिक्या माणूस मासा लागला की घाबरून जोरात ओढतो, मग एकतर ओठ फाटतो नाहीतर गाठ जाते. नायलॉन ताणतं, चूक पोटात घालतं.

माझा सल्ला : पहिलं वर्ष साधं 6 नाहीतर 8 पाउंडाचं नायलॉन. लीडर नको, गाठ नको, कालवांवर घासलं की पुढची वावभर तोडून टाकायची आणि गरी परत बांधायची. उन्हात आणि पाण्यात नायलॉन कमजोर होतं हे खरं, पण ते स्वस्त आहे. पावसाळा संपला की काढून फेका आणि नवं भरा. फक्त काढलेलं तंगूस खाडीत टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतं.

भरती_सुकती

भाच्यासाठी मान्य. मोठ्या माणसासाठी मान्य नाही. हलक्या रॉडचा सगळा फायदा चाहूल लागण्यात आहे. उधाणाला इथे पाणी दोन मीटरहून अधिक चढतं-उतरतं, ओढ तुफान असते. जाड नायलॉनला पाणी ढकलत नेतं, लाइनचा पोट काढल्यासारखा बाक होतो आणि मासा काय करतोय ते हाताला कळतच नाही. बारीक ब्रेड पाण्याला कापते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत 3 ग्रॅमचं शिसं तळाशी टिकतं, उधाणाला त्याच जागी 10 ग्रॅम लागतं. म्हणूनच मी 2 ते 10 ग्रॅमचा रॉड म्हणालो, दोन्ही दिवसांना तोच चालतो.

मालवणी_तंगूस

उधाणाच्या मध्यावर गरवायचंच कशाला? भरती थांबायच्या आधीचा तास आणि सुकती (ओहोटी) लागल्यावरचा तास, पाणी शांत असतं तेव्हा बसायचं. आमचे आजोबा तेच करायचे.

शापोरातीर

दोघांचंही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत म्हणून मतं वेगळी. दोन स्पूल ठेवा, एकावर नायलॉन, एकावर ब्रेड. अनेक रीलांबरोबर जादा स्पूल मिळतो, घेताना विचारा. ब्रेड भरताना आधी स्पूलवर थोडं नायलॉन गुंडाळा आणि त्याला ब्रेड जोडा, नाहीतर गुळगुळीत धातूवर आख्खी ब्रेड गरागरा फिरत राहते आणि वाटतं ड्रॅगच (जास्त ओढ बसली की लाइन सोडणारा रीलमधला ब्रेक) बिघडला. भरायची ती काठाला दोनेक मिलिमीटर कमी. काठोकाठ भरली की गुंता, फार कमी भरली की फेक तोकडी.

मयेकाठ, तुम्ही केरी म्हणालात म्हणून मुडदुशीबद्दल लिहिते, कारण तो माझा जिव्हाळ्याचा मासा आहे. मुडदुशी वाळूच्या तळाशी चरते. मागून येणाऱ्या लाटेनं वाळू उकरली जाते तिथे, म्हणजे फार लांब नाही. पुष्कळ लोक दहा फुटी जड रॉड घेऊन शंभर ग्रॅमचं शिसं क्षितिजावर फेकतात आणि मुडदुशी त्यांच्या गुडघ्यापाशी फिरत असते. तुमचा 7 फुटी लाइट रॉड पुरेल. लाइनवर सरकणारं 7-10 ग्रॅमचं शिसं, खाली मणी, मग बारीक स्विव्हल (फिरती कडी), पुढे दोन वीत लीडर आणि लांब दांड्याची 8 किंवा 10 नंबरची गरी. शिसं सरकतं असल्यामुळे मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला वजन जाणवत नाही. आमिष सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा. तळावरून हळूहळू, थांबत थांबत ओढायचं. ती टकटक, टकटक अशी दोनदा ठोकते. पहिल्या टकटकीला काही करू नका.

लांब दांड्याची गरी एवढ्यासाठी की मुडदुशी ती आत घेते आणि आखूड गरी काढताना माशाचं आणि बोटांचं हाल होतं.

ड्रॅगबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. दुकानात लोक रीलचं हँडल फिरवून बघतात, गुळगुळीत आहे का. ड्रॅग कोणी बघत नाही, आणि हलक्या लाइनवर सगळं ड्रॅगवरच असतं. नियम असा की लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोरावर ड्रॅग सुटायला हवा. 10 पाउंड म्हणजे साडेचार किलो, त्याचा पाव म्हणजे किलोभर. घरी असं करा : एक लिटरची बाटली पाण्यानं भरा, लाइनला बांधा आणि रॉड बाजूला ठेवून फक्त रील हातात धरून बाटली उचला. ड्रॅग हळूहळू सैल करत जा. एक वेळ येते की बाटली अगदी संथ, न अडखळता खाली सरकायला लागते. तिथे थांबा. बाटली झटक्या-झटक्यानं उतरत असेल, मध्येच अडकून एकदम सुटत असेल, तर ते रील कितीही देखणं असो, घेऊ नका. बारीक लाइन तुटते ती त्या अडकण्याच्या क्षणी.

आणि मासे आणल्यावर मुडदुशी रव्यात, काळुंदर रेशाद मसाल्यात. काळुंदराला दोन्ही बाजूंनी चिरा पाडून मसाला आत जाऊ द्या.

मयेकाठ

मंडळी, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. शापोरातीर ताई, बाटलीची युक्ती आजच शेजाऱ्यांच्या रीलवर करून बघितली. त्यांचं रील अडखळलं. आता ते उघडून बसलेत.

भरती_सुकतीबाब, काळुंदरासाठी बिनरीलचा पोल हे डोक्यातच आलं नव्हतं, पण वाचताक्षणी पटलं.

अजून काही शंका. स्कूटरवर सात फुटी रॉड कसा न्यायचा? टेलिस्कोपिक घ्यावा का? 1000 चं रील हलकं असतं, मग 2500 का? आणि खाऱ्या पाण्यात हे सगळं टिकतं किती? जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काठावरून गरवलं तर चालतं का?

वास्को_जेटी

आधी टेलिस्कोपिक. रीलवाला टेलिस्कोपिक रॉड किनाऱ्यासाठी घेऊ नका. वाळूचे कण सांध्यांत जातात, मग तो धड उघडत नाही नाहीतर धड मिटत नाही. शिवाय रॉडवरच्या, लाइन जाते त्या रिंगा फिरतात आणि एका रेषेत राहत नाहीत. बिनरीलच्या पोलला रिंगाच नसतात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी, फक्त घरी आल्यावर सगळे तुकडे काढून धुवायचे. रीलच्या रॉडसाठी चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड बघा. सात फुटांचा रॉड मिटवल्यावर दोन वितींहून थोडा जास्त, पंचावन्न सेंटीमीटरच्या आसपास होतो, पाठीवरच्या पिशवीत बसतो. दोन तुकड्यांचा घेतलात तर साडेतीन फुटांचा दांडा कदंबच्या बसमध्ये सांभाळत बसावं लागेल. सांधे जोडताना थोडं पिळून घट्ट करायचे आणि दर थोड्या वेळानं हात लावून बघायचं, फेकता फेकता सैल होतात.

1000 की 2500. हे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, पण 1000 चा स्पूल लहान. लहान स्पूलवर लाइनची वेटोळी लहान, नायलॉन तर स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं राहतं आणि प्रत्येक रिंगेला घासत जातं. मोठ्या स्पूलवरून तेच शिसं जास्त लांब जातं. 2000 हा मधला आकडा, सात फुटी लाइट रॉडला तोल चांगला राहतो. रॉडला रील लावून, रीलच्या पायापाशी एका बोटावर तोलून बघा. टोक फार खाली गेलं तर संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं. मुलाला तर आधी हेच जाणवेल.

गिअर रेशो (हँडलच्या एका फेरीला लाइन किती वेढे गुंडाळली जाते तो आकडा) पाचाच्या आसपास असला तरी पुरे. बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. खाऱ्या पाण्यात दहा स्वस्त बेअरिंगांपेक्षा तीन चांगली बरी. मी एकदा ऑनलाइन एक रील मागवलं होतं, खोक्यावर बेअरिंगांचा मोठा आकडा. पहिल्या पावसाळ्यातच आतून करकरायला लागलं. उघडलं तर अर्धी बेअरिंग गंजून लाल. विकणाऱ्यानं उत्तर दिलं की खाऱ्या पाण्याची हमी नाही, आणि खोक्यावर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून घेण्याआधी विचारा, खाऱ्या पाण्यासाठी आहे का, आणि सुटे भाग मिळतात का.

रॉडच्या रिंगा तपासायची सोपी पद्धत : कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेतून आतल्या बाजूनं फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे तडा किंवा खरखर आहे. डोळ्यांना ती दिसत नाही, पण ब्रेड तिथे रोज थोडी थोडी कापली जाते. ब्रेड वापरणार असाल तर रिंगेत सिरॅमिकचं कडं हवंच. नुसत्या तारेच्या रिंगेत ब्रेड खाच पाडते.

घरी आल्यावर : ड्रॅग घट्ट करा, मग नळाच्या हलक्या धारेखाली नाहीतर ओल्या फडक्यानं गोड्या पाण्यानं रील स्वच्छ करा. ड्रॅग घट्ट एवढ्यासाठी की पाणी त्याच्या चकत्यांत जाऊ नये. पाइप लावून जोरात पाणी मारू नका, त्यानं मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा. दाबून ठेवला तर चकत्या बसतात आणि मग तेच अडखळणं, जे ताईंनी सांगितलं. लाइन रोलरवर तेलाचा एक थेंब. एवढं प्रत्येक वेळी केलं तर साधं रीलही अनेक वर्षं जातं. मांडवी पावसात जवळजवळ गोडी होते, तरी धुणं चुकवू नका, गाळ असतोच.

भरती_सुकती

बंदी 1 जून ते 31 जुलै, ती यांत्रिक होड्यांना आणि ट्रॉलर्सना. काठावरून गरी टाकणाऱ्याला ती लागू होत नाही. उलट पाऊस स्थिरावला की काठावरची गरवणी चांगली होते.

पण वीज. कार्बन फायबरचा, म्हणजे ग्रॅफाइटचा रॉड वीज वाहून नेतो. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून आडोशाला जा, 'अजून एक फेक' करू नका. चौदा फुटी पोल तर विजेच्या तारांखाली उघडूच नये. खाडीवरून तारा ओलांडलेल्या कितीतरी जागा आहेत, जागा निवडताना आधी वर बघायचं. मुलाला हे पहिलं शिकवा. माझ्या मते मुलासाठी फायबरग्लासचा रॉड उत्तम. जरा जड, पण आपटला, दारात सापडला तरी सहसा तुटत नाही.

बाकी जागांबद्दल. मानशीवर बसण्याआधी विचारा. मानशीची पावणी (लिलाव) होते, ज्यानं ती घेतली त्याचा तिथल्या मासळीवर हक्क असतो. नीट विचारलं तर पोल घेऊन बसणाऱ्याला बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. न विचारता बसलात तर मात्र बोलणी खावी लागतात आणि ती रास्तच आहेत, त्यानं त्याचे पैसे भरलेले असतात. बांधावरून चालताना कडेची माती पाडू नका, आत शेतं आहेत. चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत गरी नको. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, लागलेला मासा पाण्यात वाकून उचलायचा नाही, मुलाला तर न्यायचंच नाही.

आणखी एक. काळुंदराची जोडी पिल्लांच्या घोळक्याभोवती फिरताना दिसली तर तिथे गोळी टाकू नका. नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात, एक उचललं की पिल्लं जातात. केरळनं 2010 मध्ये याच माशाला, त्यांच्या करीमीनला, राज्यमासा केलं. आपल्या गोव्यात तो मान शेवट्याला आहे. शेवटो पोलवर पावाच्या गोळीनं मिळतो, पण ओठ नाजूक, उचलताना हातजाळं लावा.

शापोरातीर

मुलाला शिंगाळा माशाबद्दलही सांगा. पाठीवरचा आणि दोन बाजूंचे असे तीन काटे, लागला तर हात भयंकर ठणकतो. अंगाभोवती फडकं धरून पकडीनं गरी काढायची, नाहीच निघाली तर लाइन कापायची. आणि केंड मासा लागला तर घरी आणायचा नाही, तो विषारी असतो. लीडर कातरल्यासारखा स्वच्छ तुटून आला की समजायचं खाली केंड आहे, जागा बदलायची.

ओहायोतला_फोंडकर

वाचून फोंड्याची फार आठवण आली. एक भर : 3-4 ग्रॅमच्या जिग हेडवर (डोक्याला शिसं ओतलेल्या गरीवर) दोन इंची रबरी सुंगट लावून खांबांच्या सावलीत सोडा, गोबरे त्यावर फार चांगले येतात. इकडे क्रॅपीला आम्ही हेच करतो, फक्त वजन निम्मं. आणि फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हँडलनं नाही, हातानं बंद करा आणि लाइन एकदा बोटानं ताणून घ्या. मालवणी_तंगूस म्हणतात तो ब्रेडचा गुंता निम्म्यानं कमी होईल.

मयेकाठ

ठरलं.

भाच्यासाठी तेरा फुटी बिनरीलचा पोल, फायबरग्लासचा. दोन बोये आणि 12 नंबरच्या गरींचं पाकीट. तो त्याचाच राहील, मुंबईला परत गेला तरी इथे टांगून ठेवायचा. माझ्यासाठी सात फुटी, चार तुकड्यांचा लाइट रॉड, 3 ते 12 ग्रॅम छापलेला. आज दुकानात कापसाचा बोळा घेऊन गेलो होतो. पहिल्या रॉडच्या टोकाकडून दुसऱ्या रिंगेत धागा अडकला. दुकानदारानं स्वतः बघितलं आणि तो बाजूला काढून दुसरा दिला. रील 2000 चं, जादा स्पूलसह, बाटली संथ उतरली. सगळं मिळून बजेटमध्ये बसलं, लीडरचं रीळही त्यातच आलं. एका स्पूलवर 8 पाउंडाचं नायलॉन भरलंय, दुसऱ्यावर ब्रेड.

आता शेवटचा प्रश्न. ब्रेड आणि लीडर जोडायची गाठ कुठली? एफजी म्हणतात ती करून बघतोय, पण जमत नाही, आणि खाडीच्या वाऱ्यात तर जमणारच नाही.

मालवणी_तंगूस

एफजी बारीक होते आणि रिंगांतून सुळकन जाते, पण ती घरी बसून करायची गाठ. बांधावर डबल युनी करा. ब्रेड आणि लीडरची टोकं एकमेकांवर वीतभर ठेवा. ब्रेडच्या टोकाचा फास करून दोन्ही लाइनींभोवती आठ वेढे, ओढा. मग लीडरच्या टोकाचा फास करून तसेच चार वेढे, ओढा. ब्रेड निसरडी म्हणून तिला वेढे जास्त. आता दोन्ही गाठी थुंकीनं ओल्या करा आणि मुख्य लाइन दोन बाजूंना ओढून त्या एकमेकींपाशी आणा. कोरड्या ओढल्या तर घर्षणानं लीडर तापतो आणि तिथेच तुटतो. उरलेली शेपटी अगदी चिकटून कापू नका, एक-दोन मिलिमीटर राहू द्या. लीडर एवढाच ठेवा की फेकताना गाठ टोकाच्या रिंगेच्या बाहेर राहील, म्हणजे ती रिंगेत अडकायचा प्रश्नच नाही. झाली की हातानं जोर लावून ओढून बघा. सुटायची असेल तर तिथेच सुटू दे.